गणवेश आणि जात : सैनिक भगतसिंग थिंड

शहीद भगतसिंग आपल्या घराघरांत ठाऊक आहेत. हे भगतसिंग थिंड मात्र वेगळे. जन्म १८९२, अमृतसरकडचं शीख कुटुंब. जुलै १९१३ मध्ये ते अमेरिकेला उतरले. त्याच महिन्यात परमपूज्य बाबासाहेब शिकायला न्यूयॉर्कला पोहोचले होते. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसले, थिंड ओरेगॉन राज्यातल्या लाकडाच्या गिरणीत राबले. गिरणीतलं राबणं काय असतं, हे आपल्याला सांगायला नको.

पहिलं महायुद्ध चालू असताना, जुलै १९१८ मध्ये, थिंड अमेरिकेच्या सैन्यात भरती झाले. डोक्यावरची पगडी त्यांनी उतरवली नाही. नोव्हेंबरात युद्ध संपलं, डिसेंबरात सन्मानाने सेवामुक्ती मिळाली. नागरिकत्वही मिळालं, आणि चारच दिवसांत काढून घेतलं! कारण काय, तर हा माणूस गोरा नाही. १७९० च्या कायद्याने फक्त गोऱ्या परदेशी माणसाला नागरिक होता येत होतं. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली, पण आशियाच्या माणसाला दार बंदच राहिलं.

१९२० साली ओरेगॉनच्या कोर्टाने थिंड यांना पुन्हा नागरिकत्व दिलं. सरकारने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं. तिथे थिंड यांच्या बाजूने काय मांडलं गेलं, ते बंधू-भगिनींनो, नीट वाचा. आम्ही उच्च जातीचे, शुद्ध आर्य रक्ताचे, म्हणून गोरेच. गोरा अमेरिकन निग्रोशी लग्नसंबंध टाळतो, तसेच आम्ही भारतातल्या मूळ रहिवाशांशी टाळतो! ज्या शीख गुरूंनी जातीचा अभिमान सोडायला सांगितला, त्यांच्या अनुयायाच्या वतीने हे बोललं गेलं. समुद्र ओलांडला, पण जात पेटीत बांधून बरोबर नेली.

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायमूर्ती सदरलँड यांनी निकाल दिला. पंडित लोक आर्य काहीही म्हणोत, सामान्य अमेरिकन माणूस ह्यांना गोरा समजत नाही, असा त्याचा अर्थ. थिंड हरले. त्यांच्यामागोमाग अनेक भारतीयांचं नागरिकत्व गेलं. वैष्णो दास बगाई नावाच्या व्यापाऱ्याने त्या दुःखात १९२८ साली जीव दिला.

पुढे १९३५ मध्ये कायदा झाला. पहिल्या महायुद्धात लढलेल्या सैनिकांना, वंश न बघता, नागरिकत्व द्यायचं ठरलं. १९३६ साली थिंड नागरिक झाले. जे आर्य रक्ताने मिळालं नाही, ते अंगावरच्या गणवेशाने मिळालं. बाकीच्या भारतीयांना १९४६ पर्यंत थांबावं लागलं. त्याच वर्षी बाबासाहेबांचा 'शूद्र कोण होते?' हा ग्रंथ निघाला. त्यात त्यांनी आर्यवंशाचा सिद्धान्तच खोडून काढला.

गणवेशाची किंमत आपल्या समाजाला कळते. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार फौजेतले. पुढे इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ ला १११ महार पलटण उभी केली, आणि काम झाल्यावर १९२१ ला मोडली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, महार रेजिमेंट उभी राहिली. त्यासाठी बाबासाहेबांनी सरकारदरबारी भांडण केलं. पण 'आम्ही अमक्यापेक्षा उच्च' असं म्हणून नव्हे, तर 'आम्हीही माणसं आहोत' असं म्हणून.

शिडीवर आपल्याखाली कोण आहे हे दाखवून जो हक्क मागतो, त्याला वरचा माणूस त्याच शिडीवरून खाली ढकलतो. माणूस जन्माने नव्हे, कर्माने ओळखावा, ही तथागतांची शिकवण. आज आपली मुलंही परदेशी जातात. त्यांच्या पेटीत ही शिकवण असू द्या.

नमो बुद्धाय! जयभीम!