अक्षरांचा चकवा

लेखनकला मानवाला अवगत होऊन पाच हजारांहून अधिक वर्षे लोटली. परंतु प्रत्येक मुलाला वाचता आलेच पाहिजे, ही अपेक्षा गेल्या दीड-दोनशे वर्षांतली आहे. शाळा सार्वत्रिक होऊ लागल्या, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे नजरेस आली. डोळे निर्मळ, कान तीक्ष्ण, बुद्धी तल्लख, आणि तरीही काही मुलांना वाचन म्हणून जमत नाही. गुरुजींनी त्यांना आळशी म्हटले, घरच्यांनी मठ्ठ म्हटले, आणि पुष्कळदा त्या मुलांनी तेच खरे मानले.

जर्मन वैद्य कुसमाउल यांनी १८७७ साली ‘शब्दांधत्व’ ही संज्ञा वापरली, आणि १८८७ साली नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द रूढ केला. परंतु या दोघांच्या दृष्टीसमोर होते ते मेंदूला इजा होऊन वाचन गमावलेले प्रौढ रुग्ण. ही अडचण उपजतही असू शकते, हे इंग्लंडमधील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी नोव्हेंबर १८९६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडले. त्यांनी वर्णिलेला पर्सी हा चौदा वर्षांचा मुलगा. ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार तो झटपट आणि अचूक करी. मात्र स्वतःचे नाव लिहिताना अक्षरांची अदलाबदल करून ‘प्रेसी’ लिहून बसे. सर्व शिक्षण तोंडी दिले, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरेल, असा त्याच्या शिक्षकाचा अभिप्राय होता.

दोष बुद्धीचा नव्हे, हे कळले; मग उपाय कोणता? ग्लासगोचे नेत्रशल्यज्ञ हिन्शेलवुड यांनी अशा मुलांना एकेकट्याने शिकवावे, असा आग्रह धरला. अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन यांच्या विचारांवरून अ‍ॅना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन या दोघींनी १९३० नंतरच्या काही वर्षांत एक शिस्तबद्ध पद्धत बसवली. अक्षर पाहायचे, त्याचा ध्वनी ऐकायचा, तो उच्चारायचा आणि हाताने गिरवायचे. पुढे संशोधकांचे लक्ष डोळ्यांकडून कानाकडे वळले. ऑक्सफर्डच्या ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी १९८३ साली दाखवून दिले की, शब्दांतले ध्वनी वेगळे ओळखण्याचा सराव प्लॅस्टिकच्या अक्षरांच्या जोडीने दिला, तर वाचनात विशेष प्रगती होते.

आजच्या शैक्षणिक ॲपची मुळे या परंपरेत आहेत. फिनलंडमधील युव्हॅस्क्युला येथे हेक्की ल्युटिनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे २०० मुलांचा जन्मापासून अभ्यास केला. त्यांतील निम्म्याअधिक मुलांच्या कुटुंबांत डिस्लेक्सियाचा वारसा होता. या अभ्यासातून या शतकाच्या आरंभी ‘ग्राफोगेम’ हा खेळ आकारास आला. मुलाच्या कानी एक ध्वनी पडतो. पडद्यावर वरून अक्षरे उतरत असतात. त्यांतून योग्य ते टिपायचे. बहुतेक उत्तरे बरोबर यावीत, अशा बेताने खेळ आपली काठिण्यपातळी बदलत राहतो. शंभरदा चुकले तरी यंत्र वैतागत नाही, वर्गात हशा पिकत नाही. अपमानाला भ्यालेल्या मुलाच्या दृष्टीने हा लाभ लहान नव्हे.

तरीही यंत्रावर सारा भार टाकता येत नाही. या खेळावरील अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात शब्दवाचनावरील सरासरी परिणाम जवळजवळ शून्य आढळला. मात्र जेथे कोणी मोठे माणूस मुलाबरोबर मनापासून सहभागी झाले होते, तेथे लाभ स्पष्ट दिसला. हिन्शेलवुड यांचा आग्रह शतकानंतरही खरा ठरला, असेच म्हणावे लागेल.

आपल्या भाषांपुढे आणखी एक प्रश्न आहे. देवनागरीत ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते, पण तिचा उच्चार मागाहून होतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात फरक तो केवढा! शिवाय जोडाक्षरांचा पसारा वेगळाच. इंग्रजी ॲपचे नुसते भाषांतर येथे पुरे पडणार नाही. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांसाठी ‘डाली’ ही चाचणी-साधने सिद्ध केली, हे या दिशेचे महत्त्वाचे पाऊल होय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन-अक्षमतेला मान्यताही दिली.

चकवा लागलेल्या वाटसरूला कोणी मूर्ख म्हणत नाही. त्याच्या हाताला धरून वाट दाखवतात. अक्षरांच्या रानात चकलेल्या मुलाच्या हाती आज ॲपचा कंदील आला आहे. तो जरूर द्यावा. पण कंदील देऊन आपण घरी परतू नये. रोज पंधरा मिनिटे त्याच्याशेजारी बसणारे माणूस ज्या मुलाला लाभेल, त्याची वाट खचित सुकर होईल.