आवाज आणि अंतर

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे कृष्णेच्या एकाच पाण्यावर वाढलेले. १९४९ सालीं जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके आणि विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख मिळून ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा निर्माण झाला, व १९६० मध्यें त्यास सांगली हें नांव मिळालें. या मुलखाचा इतिहास सांगतांना किल्ले, लढाया, संस्थानें आणि सत्याग्रह यांची नोंद आपण करतों. परंतु येथील माणसाचा आवाज दुसऱ्याच्या कानापर्यंत कसा पोंचला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आज त्याच प्रश्नाचा थोडक्यांत विचार करावयाचा आहे. त्याचा शेवट मात्र एका अगदीं घरगुती वस्तूपाशीं होईल. सदऱ्याच्या गळ्याला चिमट्यानें अडकवावयाचा जो लहानसा माईक मिळतो, ज्यास बाजारांत ‘कॉलर माईक’ म्हणतात, ती ही वस्तु. मोबाइलवर चित्रफिती घेणाऱ्या घराघरांतून ‘यांतला कोणता घ्यावा?’ असें हल्लीं विचारलें जातें. या प्रश्नाचें निम्में उत्तर दुकानांत मिळेल. उरलेलें निम्में इतिहासांत शोधावें लागतें.

प्रारंभ सांगलीपासूनच करूं. ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं विष्णुदास भावे यांनीं सांगलीचे अधिपति चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानें ‘सीतास्वयंवर’ हें नाटक केलें. मराठी रंगभूमीचा दिन म्हणून आपण तोच दिवस पाळतों. त्या नाटकांत कथानक पद्यांतून गाऊन सांगण्याचें काम मुख्यतः सूत्रधाराकडे असे, आणि पात्रें प्रसंगाला अनुसरून आपलीं भाषणें स्वतःच जुळवून बोलत. राक्षसांच्या सोंगांची आरडाओरड तर इतकी असे कीं, पुढें पुढें अशा नाटकांना ‘अलल्डुर्र’ असें थट्टेचें नांवच पडलें. आज आपण त्या आरडाओरडीस हसतों. परंतु पलित्यांच्या उजेडांत, कोणत्याही यंत्राचें साहाय्य नसतांना, मागच्या रांगेंतील माणसास शब्द कळावयाचा तर दुसरा उपाय कोणता होता? मोठा आवाज ही त्या कलेची पहिली अट होती. अभिनयाची नाजूक छटा ही नंतरची गोष्ट.

तमाशाची कथा निराळी नाहीं. वाळवें तालुक्यांतील रेठरें हरणाक्ष येथें १८६६ सालीं जन्मलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी पुढें पठ्ठे बापूराव या नांवानें महाराष्ट्रभर गाजले. तमाशाच्या फडांत मुख्य गाणाराच्या मागें सुरत्ये उभे राहतात आणि शेवटची ओळ उचलून उंच स्वरांत झील धरतात. तेवढ्यांत गाणारास दम घेतां येतो, व गाणें गर्दीच्या कडेपर्यंत जातें. जें काम आजचा ध्वनिवर्धक विजेवर करतो, तें तेथें माणसांचे गळे करीत. पुढें १९४३ ते १९४६ या काळांत साताऱ्यांत प्रतिसरकार चाललें. त्याचे अग्रणी क्रांतिसिंह नाना पाटील हेही याच वाळवें तालुक्यांतील, येडे मच्छिंद्रचे. त्यांची शेतकऱ्यांची बोली आणि पहाडी आवाज यांची आठवण अजून काढली जाते.

या सर्वांतून एक न्याय रूढ झाला. ज्याचा गळा मोठा, त्याचा शब्द टिकला. जी बाई रात्रीं भूमिगतांस भाकरी नेऊन देई, तिचा आवाज ओसरीच्या बाहेर गेला नाहीं. म्हणून तो इतिहासांतही फारसा आला नाहीं.

आवाज सांठवून ठेवण्याची कला आली, तेव्हांही प्रथम हीच अट कायम राहिली. १९०२ सालीं फ्रेड गैसबर्ग यांनीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मुद्रित केलें तें कर्ण्यांतून. गाणारानें कर्ण्याच्या तोंडाशीं जाऊन मोठ्यानें गावें, आणि त्या आवाजाच्या कंपानेंच सुई हालून मेणाच्या तबकडीवर रेघ उमटावी, अशी ती रीत होती. विजेचा तेथें संबंध नव्हता. १९२५ च्या सुमारास पाश्चात्त्य देशांत विजेचें ध्वनिमुद्रण सुरू झालें, व लवकरच तें आपल्याकडे आलें. कर्ण्याच्या जागीं आतां ध्वनीचें विजेंत रूपांतर करणारा मायक्रोफोन बसला, आणि स्वराची हलकी लकेर, श्वासाचा शेवट हेंही मुद्रित होऊं लागलें. मिरजेस स्थायिक झालेले खांसाहेब अब्दुल करीमखां यांच्या दोन्ही युगांतील ध्वनिमुद्रिका आहेत : १९०५ च्या सुमाराच्या कर्ण्याच्या, आणि १९३७ सालीं त्यांचें निधन होण्यापूर्वींच्या कांहीं वर्षांतील मायक्रोफोनच्या. रसिकांनीं त्या एकामागून एक ऐकून पाहाव्या. हळुवार स्वराची योग्यता पुढील पिढ्यांस कळली, तिचें पुष्कळसें श्रेय या नव्या साधनास आहे.

बोलपटानें आणखी एक धडा शिकविला. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईस ‘आलम आरा’ प्रकाशित झाला. त्याचें चित्रण करतांना जवळून जाणाऱ्या आगगाड्यांचा आवाज येई, म्हणून बरेंचसें काम रात्रीं उशिरां करावें लागलें. आणि मायक्रोफोन पात्रांच्या आसपास पडद्यावर दिसणार नाहींत असे लपवून ठेवावे लागले. पुढल्याच वर्षीं, १९३२ मध्यें, सांगलीच्या शेजारीं कोल्हापुरास प्रभात कंपनीनें ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला. भोंवतीं शांतता हवी आणि माईक तोंडाच्या जवळ हवा, हे दोन नियम तेव्हांपासून आजतागायत बदललेले नाहींत.

नभोवाणीची कहाणी श्रोत्यांस परिचितच आहे. २३ जुलै १९२७ रोजीं लॉर्ड आयर्विन यांनीं मुंबईच्या केंद्राचें उद्घाटन केलें. सांगलीजवळ कृष्णेवर १९२९ मध्यें झालेला पूल त्यांच्याच नांवाचा. सांगलीस स्वतःचें नभोवाणी केंद्र मिळालें तें १९६३ सालीं. नभोवाणीनें वक्त्यास ओरडणें सोडावयास लावलें. सभेंत हजारांपुढें बोलणारा माणूस येथें जणूं एका घरच्या ओटीवर बसून बोलूं लागला. परंतु त्यासाठीं वक्त्यानें बंदिस्त, शांत खोलींत येऊन बसलें पाहिजे. पाटण खोऱ्यांतील ऐंशीं वर्षांची आजीबाई तेथें कशी येणार? तिच्या घरीं जाईल असें साधन हवें होतें.

तें साधन हळूहळू घडलें. आरंभीं लहान मायक्रोफोन दोरीनें वक्त्याच्या गळ्यांत अडकवीत. गळ्यांतील एका पदकाच्या दागिन्यावरून इंग्रजींत त्यास ‘लाव्हालिये’ असें नांव पडलें. १९६२ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट या दोघां शास्त्रज्ञांनीं एक नवी युक्ति काढली. पातळ प्लास्टिकच्या पडद्यावर विजेचा भार कायमचा बसवून त्यांनीं ‘इलेक्ट्रेट’ मायक्रोफोन तयार केला. पूर्वींच्या संग्राहक पद्धतीच्या मायक्रोफोनास बाहेरून मोठा दाब पुरवावा लागे. यास लहानशी बॅटरी पुरते. त्यामुळें तो बोराच्या बीएवढा लहान व स्वस्त होऊं शकला. आजच्या कॉलर माईकांपैकीं पुष्कळसे याच कुळांतले आहेत.

आतां निवडीचा प्रश्न घेऊं. मोबाइलमध्यें माईक असतांना दुसरा कशाला, अशी शंका प्रथम येते. तिचें उत्तर शाळेंतल्या गणितानें देतां येईल. एक हात म्हणजे दोन वीत. मोबाइल चार हातांवर ठेवला, तर तो तोंडापासून आठ वितींवर असतो. कॉलर माईक एका वितीवर असतो. अंतर दुप्पट झालें कीं थेट येणाऱ्या ध्वनीची तीव्रता चौथाई होते. आठपट झालें तर चौसष्टावा हिस्सा उरतो. पंख्याची घरघर आणि भिंतींवरील घुमणें मात्र तेवढेंच राहतें. म्हणून महाग मोबाइलच्या माईकापेक्षां छातीवरचा साधा माईकही शब्द अधिक स्पष्ट टिपतो.

दुसरी गोष्ट दिशेची. कांहीं माईक एकाच बाजूचें ऐकतात, कांहीं चोहोंकडचें. एका बाजूचा चांगला, असें वाटणें साहजिक आहे; पण बोलतांना माणूस मान वळवितो, आणि तसा माईक जरा सरकला तरी आवाज पडतो. कपड्याला लावावयाचा माईक म्हणून सर्व दिशांचें ऐकणाराच बरा. चोहोंकडचें ऐकूनही तोंड जवळ असल्यामुळें तोंडाचाच आवाज वरचढ ठरतो.

तिसरा प्रश्न तारेचा कीं बिनतारी, हा. एका जागीं बसून आठवणी सांगणाऱ्यासाठीं तारेचा घ्यावा. तो स्वस्त असतो, आणि मध्येंच संदेश तुटण्याची धास्ती नसते. कीर्तनकार, शाहीर किंवा शेत दाखवीत चालणारा शेतकरी यांस तार अडखळते. तेथें बिनतारी हवा. बाजारांत मिळणारे बहुतेक बिनतारी संच २.४ गिगाहर्ट्‌झ या पट्ट्यावर चालतात. वाय-फाय आणि ब्लूटूथही तेथेंच असल्यामुळें यात्रेच्या गर्दींत अडथळा येऊं शकतो. माणसाचें शरीरही या लहरी अडवितें. म्हणून छातीवरील यंत्र आणि मोबाइलवरील यंत्र समोरासमोर ठेवावें. ज्या संचांत छातीवरील यंत्रांतच मुद्रण होऊन राहण्याची सोय आहे, तो परवडत असल्यास पसंत करावा. प्रश्न विचारणाऱ्याचा आवाजही हवा असेल, तर दोन माईकांचा संच घ्यावा. गोंगाट आपोआप गाळण्याची कळ कांहींत असते; मंद बोलणाऱ्या वृद्धांच्या बाबतींत ती बंद ठेवावी, कारण गोंगाटाबरोबर शब्दांचे शेवटही गळण्याचा संभव असतो.

चौथी गोष्ट क्षुल्लक दिसते, परंतु पैसे तिच्यापायींच वायां जातात. ती म्हणजे पिन. साडेतीन मिलिमीटरच्या पिनेवर दोन काळ्या कड्या असल्या तर ती सामान्यतः कॅमेऱ्याची, आणि तीन असल्या तर मोबाइलची. अलीकडील पुष्कळ मोबाइलांस गोल छिद्र नसतेंच. त्यांस टाइप-सी पिनेचा माईक लागतो. आयफोनलाही २०२३ सालच्या पंधराव्या मालिकेपासून टाइप-सी आहे, त्यापूर्वींच्यांस निराळी पिन लागते. म्हणून दुकानांत जातांना आपला मोबाइल बरोबर न्यावा आणि तेथेंच लावून पाहावा.

पांचवी गोष्ट वाऱ्याची व वस्त्राची. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहींत! तसल्या वाऱ्यांत माईकावरील स्पंजाची टोपी पुरत नाहीं, केंसाळ आवरण लागतें. तें संचाबरोबर मिळतें कीं नाहीं, हें विचारून घ्यावें. शाल, पदर, तुळशीची माळ, मंगळसूत्र यांचें घासणें तर वाऱ्याहूनही उपद्रवी. हनुवटीखालीं एका वितीवर, जेथें कांहीं घासणार नाहीं अशी जागा पाहावी. वृद्ध स्त्रीच्या पदराला माईक घरांतील मुलीनें किंवा सुनेनें लावावा. परक्यानें हात पुढें करूं नये. मग पंखा बंद करावा, एक मिनिट मुद्रण करून कानांस यंत्र लावून ऐकावें, आणि मगच आठवणींस आरंभ करावा.

एवढी खटपट कशासाठीं, असें कोणी विचारील. क्रांतिसिंहांच्या कन्या हौसाबाई पाटील २०२१ सालीं गेल्या. ७ जून १९४३ रोजीं शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणाऱ्या आगगाडीवर तुफान सेनेनें जो हल्ला केला, त्यांतील पुढारी, कुंडलचे कॅप्टन रामचंद्र लाड २०२२ सालीं गेले. ही मंडळी प्रसिद्ध होतीं, म्हणून त्यांचे शब्द नोंदले गेले. ज्यांचें नांव कोणत्याही फलकावर नाहीं, अशा किती जणांचा आवाज त्यांच्याबरोबरच गेला! आतां पुढच्या पिढीची पाळी आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे कोयनानगरचा भूकंप झाला. त्या वेळीं जीं मुलें दहा वर्षांचीं होतीं, तीं आज सत्तरीच्या घरांत आहेत. कोयना धरणांत ज्यांचीं गांवें बुडालीं, त्यांपैकींही आपलें जुनें घर डोळ्यांसमोर असलेलीं माणसें थोडींच उरलीं असतील. त्यांचा स्वर आतां बारीक झाला आहे. त्यांस ‘जरा मोठ्यानें बोला’ असें सांगणें बरें नव्हे; आपणच माईक जवळ न्यावा.

तेव्हां श्रोते हो, नवा माईक घरीं आणाल, तेव्हां पहिलें मुद्रण लग्नकार्याचें न करतां घरांतील सर्वांत वडील माणसाचें करावें. त्यांची परवानगी घ्यावी; आरंभीं त्यांचें नांव, गांव आणि दिनांक त्यांच्याच तोंडून वदवावा; आणि मुद्रणाच्या दोन प्रती दोन ठिकाणीं ठेवाव्या. सूत्रधाराचा आवाज राजवाड्यांत घुमला, शाहिराचा माळावर घुमला. ओसरीवरच्या बारीक आवाजाची नोंद करण्याचें साधन आतां थोडक्या किंमतींत हातीं आलें आहे. हें काम मात्र फार दिवस थांबण्यासारखें नाहीं.