घशातली अडलेली वाट

उताणा झोपून मोठ्याने घोरणारा माणूस मध्येच गप्प होतो. दहा-वीस सेकंद श्वास चालत नाही. मग तो दचकून, धापा टाकीत पुन्हा घोरू लागतो. हा प्रकार आपल्यापैकी पुष्कळांनी घरी पाहिलेला असतो. यालाच स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. अशा माणसाला दिवसभर झापड येते.

१९५६ साली बर्वेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा लठ्ठ, पेंगुळलेल्या रोग्यांना डिकन्सच्या कादंबरीवरून 'पिकविकियन' हे नाव दिले. लठ्ठपणामुळे श्वसन अपुरे पडते, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि म्हणून झोप येते, असा त्या वेळचा समज होता. १९६५ मध्ये फ्रान्स व जर्मनीतील संशोधकांनी रात्रभर नोंदी घेतल्या, तेव्हा झोपेत श्वास वारंवार थांबतो हे दिसले. १९६९ मध्ये जर्मनीत कुलो व सहकाऱ्यांनी एका रोग्याच्या श्वासनलिकेला गळ्याशी भोक पाडून नळी बसवली आणि त्याची झापड गेली. छाती तीच, मेंदू तोच. बदलली होती फक्त हवेची वाट. म्हणजे अडथळा घशात होता! आमच्या मते हा उपाय म्हणजे एक उत्तम प्रयोगच होता.

घसा मिटतो कसा, हे वर्गात दाखवता येईल. कागदी नळी भिजवून मऊ करा, एक टोक बोटाने थोडे दाबा आणि दुसऱ्या टोकाने जोरात हवा ओढा. भिंती एकमेकींना चिकटतात. जागेपणी स्नायू घसा ताणून धरतात. झोपेत ते सैलावतात.

पण गळ्यातले भोक जन्मभर कोण सांभाळणार? १९८१ साली दोन नवे उपाय पुढे आले. सिडनीत सलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा दाब देणारे यंत्र वापरले. अमेरिकेत फुजिता यांनी पडजीभ व मऊ टाळूची कड कापून वाट रुंद केली. या शस्त्रक्रियेने अनेकांना पुरेसा गुण आला नाही, कारण त्यांचा अडथळा जिभेच्या मागे होता.

यंत्राने गुण येतो, पण रोज मुखवटा लावून झोपणे पुष्कळांना जमत नाही. असा माणूस गाडी चालवताना पेंगला तर जिवावर बेतते. म्हणून शोध चालूच राहिला. खालचा जबडा पुढे ओढणारी, दातांवर बसवायची पट्टी आली. तिच्यामुळे जीभही पुढे येते. उताणे झोपल्यावरच ज्यांचा श्वास अडतो, त्यांच्या सदऱ्याला पाठीमागे चेंडू शिवण्याची युक्तीही वापरली गेली. ऐकायला गमतीची, पण तत्त्व पक्के!

२०१४ मध्ये जिभेच्या मज्जातंतूला विद्युत स्पंद देणाऱ्या, छातीत बसवायच्या उपकरणाची चाचणी प्रसिद्ध झाली. यंत्र न जमलेल्या, निवडक १२६ रोग्यांत श्वास अडण्याचे तासाचे मध्यक प्रमाण वर्षभरात २९.३ वरून ९.० वर आले. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने वजन घटवणाऱ्या टिर्झेपटाइडला लठ्ठ रोग्यांतील मध्यम व तीव्र विकारासाठी मान्यता दिली. या विकारासाठी तेथे मान्य झालेले हे पहिलेच औषध. सडपातळ माणसाला मात्र त्याचा उपयोग नाही. त्याच्यासाठी जबडा, जीभ आणि टाळू यांचाच विचार करावा लागतो.