परसातली हिरवी रेघ

विल्यम हगिन्स हे लंडनचे रेशमी कापडाचे व्यापारी. तिशीत त्यांनी घराण्याचा धंदा विकून टाकला, शहराच्या दक्षिणेला टल्स हिल या उपनगरात बिऱ्हाड हलवले आणि १८५६ साली घराच्या परसात स्वतःची वेधशाळा उभारली. विद्यापीठाची पदवी जवळ नव्हती, पगार देणारी संस्था पाठीशी नव्हती. शेजार मात्र चांगला लाभला. विल्यम मिलर हे किंग्ज कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक जवळच राहत. दोघांनी मिळून दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडला आणि ताऱ्यांच्या प्रकाशाची फोड करायला सुरुवात केली.

२९ ऑगस्ट १८६४ च्या रात्री हगिन्स यांनी दुर्बीण कालेय तारकासमूहातल्या एका लहानशा तेजोमेघाकडे वळवली. आकाशातले हे पुसट डाग म्हणजे नेमके काय, यावर तेव्हा मोठा वाद होता. एक पक्ष म्हणे, हे ताऱ्यांचे दाट थवे आहेत. दुर्बीण पुरेशी मोठी झाली की तारे सुटे दिसतील. दुसरा म्हणे, हा खरोखरच वायू आहे. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून गेला की तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सलग पट्टा पसरतो. त्या रात्री पट्टा उमटलाच नाही. काळोखावर एकच तेजस्वी, हिरवट रेघ होती. नीट पाहिल्यावर तिच्या शेजारी आणखी दोन अंधुक रेघा दिसल्या. हा प्रकाश ताऱ्यांचा नव्हता, विरळ वायूचा होता. मात्र देवयानीतला मोठा तेजोमेघ याच कसोटीला लावला तेव्हा तिथे सलग पट्टा मिळाला. म्हणजे एकाच नावाखाली दोन वेगळ्या जातीच्या वस्तू नांदत होत्या. हा फरक लक्षात ठेवावा. शेवटी तो पुन्हा आड येणार आहे.

रेघ सापडली, तरी तेजोमेघाचे चित्र अजून हातानेच काढावे लागत होते. त्या काळची छायाचित्राची काच ओली असतानाच वापरावी लागे. ती वाळली की काम संपले. इतक्या थोड्या मिनिटांत तेजोमेघ कसा उमटणार? १८७० च्या दशकाच्या अखेरीला जिलेटिनच्या कोरड्या काचा बाजारात आल्या आणि ही अडचण गेली. न्यूयॉर्कच्या उत्तरेला हेस्टिंग्ज-ऑन-हडसन इथे वडिलांच्या जागेत वेधशाळा बांधलेले डॉक्टर हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी ५१ मिनिटे काच उघडी ठेवून मृगातला तेजोमेघ टिपला. तेजोमेघाचे हे पहिले छायाचित्र. मृगाच्या पोटात घुसलेल्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली नुसत्या डोळ्यांनाही धूसर दिसतो, तोच हा.

यानंतरची मोठी मजल पुन्हा लंडनच्याच एका उपनगराने मारली. ईलिंगमधले अँड्र्यू एन्स्ली कॉमन हे पेशाने आरोग्य-अभियंते. नळ आणि सांडपाण्याची कामे हा त्यांचा व्यवसाय. घरच्या बागेत त्यांनी ३६ इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण बसवली होती. तिच्यातून ३० जानेवारी १८८३ रोजी त्यांनी त्याच तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. त्यात असे तारे उमटले की जे त्याच दुर्बिणीला डोळा लावूनही दिसत नव्हते. डोळा पहिल्या क्षणी जेवढे पाहतो, जवळपास तेवढेच शेवटपर्यंत पाहतो. काच मात्र साठवत जाते. पुढच्या वर्षी रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने कॉमन यांना सुवर्णपदक दिले.

परसाचे हे दिवस फार टिकले नाहीत. कॉमन यांची दुर्बीण १८८५ साली हॅलिफॅक्सच्या एडवर्ड क्रॉसली यांनी विकत घेतली. त्या गिरण्यांच्या गावची हवा तिला मानवेना, म्हणून १८९५ मध्ये ती कॅलिफोर्नियातल्या डोंगरावर, लिक वेधशाळेत गेली. बांधकामाच्या धंद्यात पैसा मिळवलेले आयझॅक रॉबर्ट्स यांनी लिव्हरपूलजवळच्या माघल गावातून १८८८ साली देवयानीतल्या तेजोमेघाचे छायाचित्र घेतले आणि त्याचे सर्पिल रूप प्रथमच लोकांसमोर आले. दोन वर्षांत तेही ससेक्समधल्या क्रोबरोच्या उंच माळावर राहायला गेले. ज्यांना जमले त्यांनी आकाशासाठी गाव सोडले.

इकडे हिरव्या रेघेचे कोडे सुटले नव्हते. पृथ्वीवरचे कोणतेही मूलद्रव्य ती रेघ देत नव्हते, म्हणून ‘नेब्युलियम’ हे नवे मूलद्रव्य कल्पिले गेले. नॉर्मन लॉकयर यांना ते मान्य नव्हते. त्यांच्या मते तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे, आणि ही रेघ म्हणजे तापलेल्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड. असा पट्टा एका बाजूला रेखीव असतो आणि दुसऱ्या बाजूला विरत जातो. विल्यम आणि मार्गारेट हगिन्स या दांपत्याने १८८९ साली एकत्र प्रसिद्ध केलेल्या निबंधात याला विरोध केला. आता प्रश्न साधा होता: रेघ दोन्ही बाजूंनी रेखीव आहे, की एका बाजूला ओघळलेली?

या प्रश्नाचे एक उत्तर पुण्याहून गेले. कावसजी दादाभाई नायगमवाला हे तिथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवत. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांची देणगी आणि मुंबई सरकारचे साहाय्य मिळवून त्यांनी कॉलेजात वेधशाळा उभी केली होती. १८९१ साली त्यांनी मृगातल्या तेजोमेघाची मुख्य रेघ तपासली आणि लंडनला कळवले की कोणत्याही परिस्थितीत ती रेखीव आणि अरुंदच दिसते. वर्णपटाच्या कामात नायगमवालांनी ज्यांचा सल्ला घेतला होता, त्या लॉकयर यांच्याच मताविरुद्ध हा निर्वाळा होता. पुण्याच्या वेधशाळेची सुरुवात अशी झाली.

अखेरचा उलगडा १९२७ साली अमेरिकेतल्या आयरा बोवेन यांनी केला. नेब्युलियम नावाचे काही नव्हतेच. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन ती रेघ देतो. आपल्या प्रयोगशाळेतल्या दाट वायूत असा अणू दुसऱ्या कणाशी आपटून ऊर्जा आधीच गमावून बसतो. तेजोमेघातली विरळता इतकी की त्याला धक्का द्यायला दीर्घकाळ कोणी येतच नाही. मग तो सावकाश, ५००.७ नॅनोमीटरच्या ठरलेल्या हिरव्या रंगात उजळतो. शेजारच्या हायड्रोजनची तांबडी रेघ ६५६.३ नॅनोमीटरवर असते. तेजोमेघाचा दृश्य प्रकाश मुख्यतः अशा मोजक्या रेघांतच कोंबलेला असतो.

उपनगरातल्या आजच्या छायाचित्रकाराचा सगळा जीव या एका वाक्यात आहे. दिव्यांच्या उजेडाने आकाश करडे झालेले असते. मृग कसाबसा ओळखू येतो, बाणाखालचा डाग येत नाही. अशा गच्चीवर तो कॅमेऱ्यापुढे फक्त ३ ते ७ नॅनोमीटर रुंदीची फट मोकळी ठेवणारा फिल्टर लावतो. दृश्य प्रकाशाचा पल्ला सुमारे ३०० नॅनोमीटरचा; तेव्हा शहराच्या पांढऱ्या उजेडातला शंभरातला एखाद-दोन भाग आत शिरतो, पण तेजोमेघाची रेघ जवळजवळ सगळी येते. मग काही मिनिटांची एक, अशी शेकडो छायाचित्रे संगणकावर एकावर एक रचायची. शंभर चित्रे रचली की त्यांतला खरखरीतपणा दहाव्या हिश्शावर येतो. ड्रेपर यांच्या ५१ मिनिटांचीच ही वाढलेली आवृत्ती. आणि रेघ खरोखर ओघळलेला पट्टा असती, तर ही अरुंद फट इतक्या कामाची ठरली नसती.

पूर्वी यापेक्षा रुंद, साधे फिल्टरही पुरत, कारण सोडियमच्या दिव्यांचा उजेड मुख्यतः पिवळ्या-नारिंगी भागात दाटलेला असे. तेवढा गाळला की बरेच काम होई. आपल्याकडे २०१५ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली रस्त्यांवर एलईडी दिवे बसू लागले. त्यांनी वीज वाचवली हे खरेच. पण त्यांचा पांढरा उजेड निळ्यापासून तांबड्यापर्यंत पसरलेला असतो. त्याला एका जागी पकडता येत नाही.

आणि इथेच देवयानी आड येते. हगिन्स यांना तिच्यात सलग पट्टा दिसला, कारण ती अब्जावधी ताऱ्यांची दीर्घिका आहे. तिचा प्रकाश रस्त्यावरच्या दिव्यासारखाच सगळ्या रंगांत पसरलेला. फिल्टर दिव्याला अडवतो तेव्हा तिलाही अडवतो. कृत्तिकांभोवतीची निळी धूळही ताऱ्यांचाच उजेड परतवते. तीही अशीच हरवते. आकाशगंगेचा पट्टा तर गच्चीवरून आधीच गेलेला असतो. रेघेत चमकणारे वाचते. बाकीच्यासाठी अजूनही गाव सोडावे लागते.

पुण्याच्या वेधशाळेतली ग्रब कंपनीची २० इंची दुर्बीण नायगमवालांच्या निवृत्तीनंतर, १९१२ साली, कोडाईकनालच्या डोंगरावर गेली. देशातले राखीव काळोखाचे क्षेत्र २०२२ च्या डिसेंबरात जाहीर झाले, ते लडाखमध्ये, हानलेला. एवढा प्रवास सर्वांना परवडत नाही. म्हणून थंडीच्या रात्री उपनगरातल्या गच्चीवर कोणी तरी तिपाई मांडतो, फिल्टर फिरवून बसवतो आणि मृगाकडे कॅमेरा लावतो. पहाटेपर्यंत पडद्यावर तांबडा-हिरवा तेजोमेघ उमटलेला असतो. मान वर करून पाहिले तर तिथे नुसता करडा उजेड. रॉबर्ट्स यांनी लिव्हरपूलच्या वेशीवरून जे टिपले, ते त्या उजेडामागे कुठे तरी आहेच.