काचेवर उतरलेला अजिंठा

अजिंठ्याविषयी आपणांस नव्याने काही सांगावे, असे फारसे उरलेले नाही. पद्मपाणीचे चित्र दिनदर्शिकेवर येऊन पुष्कळांच्या भिंतींवर वर्षवर्ष टांगले गेले आहे, आणि लेण्यांची सहल तर शाळेपासूनची. म्हणून आज आम्ही लेणी खोदणाऱ्यांविषयी बोलणार नाही, रंगविणाऱ्यांविषयीही नाही. बोलणार आहोत ते एका परक्या माणसाच्या दृष्टीविषयी. त्याचे मुख्य काम आगीत गेले आणि जोडकाम म्हणून केलेले मागे राहिले.

रॉबर्ट गिल हे त्याचे नाव. जन्म लंडनचा, सन १८०४ चा. पेशाने तो मद्रासच्या फौजेतला अधिकारी. हातात चित्रकला होती. १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात वाघोरा नदीच्या घळीत आला आणि लेणी युरोपियनांना ठाऊक झाली, ही हकीकत सर्वांना माहीत आहे. वास्तुशिल्पाचा व्यासंगी जेम्स फर्ग्युसन याने १८३९ मध्ये ती पाहिली. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे त्याने १८४३ मध्ये निबंध वाचला, आणि त्यानंतर भित्तिचित्रांच्या नकला वेळीच करून घ्याव्यात, अशी मागणी सोसायटीने कंपनी सरकारकडे केली. चित्रांची दशा खरोखरच वाईट होती. ओल, वटवाघळे, धुनीचा धूर हे तर होतेच. पण आलेले पाहुणेही आठवण म्हणून रंगाचे पोपडे खरवडून नेत. ‘जाणकार’ पाहुणे यात मागे नव्हते, हे येथे सांगून ठेवावेसे वाटते. १८४४ मध्ये गिलची नेमणूक झाली.

तो अजिंठा गावात राहिला. तेथून लेण्यांकडे जायचे, अंधारात उभे राहून मोठमोठ्या कापडांवर तैलरंगात नकला करायच्या, त्या लंडनला धाडायच्या, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. सुमारे तीस चित्रे तयार झाली. ती लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या इमारतीस आग लागली आणि जी चित्रे तेथे टांगलेली नव्हती तेवढी चारपाचच वाचली. जवळजवळ वीस वर्षांची मेहनत एका दिवसात गेली. पुढे १८७२ पासून मुंबईच्या स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्सने आपल्या विद्यार्थ्यांसह तेच काम पुन्हा केले, आणि त्यांतल्याही पुष्कळ चित्रांना १८८५ मध्ये लंडनमध्येच आग लागली! योगायोग म्हणावा की काय म्हणावे, आम्हांस सुचत नाही.

परंतु गिलजवळ आणखी एक वस्तू होती. १८५६ च्या सुमारास तो छायाचित्रे काढू लागला होता.

त्या काळी हा उद्योग म्हणजे काय होता, ते ध्यानात घेतले पाहिजे. काचेच्या तुकड्यावर कोलोडियन नावाचा चिकट द्रव सारखा पसरायचा, काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ती ओली आहे तोच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि लगेच अंधारात नेऊन धुवायचे. काच वाळली की काम फुकट. या द्रवात ईथर असते आणि ते उन्हात पाहता पाहता उडून जाते. खानदेशाच्या सीमेवरचा उन्हाळा, जवळच ठोकलेला काळोखा तंबू, नदीवरून आणलेले पाणी! आज खिशातला मोबाईल काढून क्षणात दहा चित्रे घेणाऱ्यांनी ही खटपट क्षणभर डोळ्यांपुढे आणावी.

या काचेचा आणखी एक दोष होता. निळा प्रकाश तिला चटकन कळे. तांबडा आणि पिवळा जवळजवळ दिसतच नसे. गेरू काळा उमटे, लाजवर्दी निळा पांढुरका होई. आता अजिंठ्याच्या भिंतींवर मुख्य रंग कोणते? गेरू आणि पिवळी माती. त्यात आतला अंधार. म्हणजे ज्या कामासाठी सरकारने या माणसाला तेथे बसविले होते, त्या कामाला हे यंत्र जवळजवळ निरुपयोगी होते.

आमच्या मते गिलच्या छायाचित्रांचे सारे मर्म या अडचणीत आहे. कुंचला त्याला भिंतीजवळ नेत होता, कॅमेऱ्याने त्याला मागे सरकायला लावले. तो ओसरीत आला, अंगणात आला, नदीपलीकडे गेला. आणि तेथून काय दिसते, हे अजिंठ्यास गेलेल्या कोणासही सांगावयास नको: घोड्याच्या नालासारखा वळलेला कडा, त्यात ओळीने कोरलेली काळी दारे, खाली नदीची वळणे. एकोणिसाव्या लेण्याच्या दर्शनी भागावरील ती मोठी कमान आणि नक्षी काचेवर अशी उतरली आहे की दगडाचा खडबडीतपणा बोटांना जाणवावा. रंग नाहीत म्हणून ऊन दिसते. खांबाच्या एका अंगावर पडलेले ऊन आणि मागचा गडद काळोख यांतून लेण्याची खोली कळते. चित्रे पाहावयास आलेल्या माणसाला त्या यंत्राने जागा पाहावयास शिकविले.

१८६४ मध्ये लंडनमध्ये ‘भारतातील कोरीव लेणी’ या अर्थाच्या शीर्षकाचा ग्रंथ निघाला. गिलची ७४ छायाचित्रे, फर्ग्युसनचा मजकूर, विषय अजिंठा आणि वेरूळ. याच फर्ग्युसनने १८४५ मध्ये लेण्यांचा ग्रंथ काढला होता, तो शिळाछापाच्या चित्रांचा होता. शिळाछापात चित्रकाराची आणि छापणाऱ्याची मर्जी थोडी मिसळतेच. छायाचित्रात मोडका खांब मोडकाच दिसतो. विसाव्या शतकात निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याने डागडुजी केली, त्याच्या कितीतरी आधीची लेण्यांची स्थिती आज आपण पाहू शकतो ती यामुळे. गिल लोणार, मेहकर, शिरपूर येथेही कॅमेरा घेऊन गेला. वऱ्हाडातल्या त्या देवळांकडे तेव्हा किती जणांचे लक्ष होते?

हा सारा इंग्रजांचाच खेळ होता असे मात्र समजू नये. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा तिच्याशी निकटचा संबंध होता. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रे काढीत. पुढे भाऊ दाजींनी अजिंठ्याच्या शिलालेखांचेही वाचन केले.

उलट गिलच्या काही चित्रांत कोपऱ्यात एखादा माणूस उभा किंवा बसलेला दिसतो, बहुधा खांबाची उंची कळावी म्हणून. तो कोण, हे लिहून ठेवण्याची गरज कोणास वाटली नाही. काळोखा तंबू ठोकणारे, पाणी वाहणारे, काचा सांभाळीत डोंगर चढणारे हात कोणाचे होते, याचाही पत्ता ग्रंथात नाही. एक नाव मात्र दगडावर राहिले आहे. अजिंठा गावात पारोची समाधी आहे, तिच्यावर १८५६ हे साल आहे. गिल आणि पारो यांच्या कथेवर ना. धों. महानोरांनी ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिले, पुढे २०१२ मध्ये चित्रपटही आला. ती कथा कवींच्या हाती सोपवून आम्ही पुढे जातो. गिलने कॅमेरा हाती धरला तोही त्याच सुमारास, एवढीच नोंद इतिहास करू शकतो.

आगीनंतर त्याने पुन्हा नकला करावयास घेतल्या. वय साठीच्या पुढे गेले होते. १८७९ मध्ये तो वारला आणि भुसावळला त्याला पुरले. वाचलेली थोडी तैलचित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत.

त्याची पुष्कळ छायाचित्रे जोडचित्रे आहेत. दोन डोळ्यांइतक्या अंतरावरच्या दोन भिंगांनी घेतलेली, शेजारी शेजारी लावलेली दोन जवळजवळ सारखी चित्रे. नुसती पाहिली तर सपाट, थोडी फिकट, वर आकाश कोरे पांढरे. स्टिरिओस्कोपच्या भिंगांतून पाहिले की दोहोंचे एक होते, पुढचा खांब पुढे येतो आणि त्याच्या मागचा अंधार लेण्याच्या पोटात आत आत जातो.