गिटारचा उसना गळा

आदिलाबाद जिल्ह्यातील परधान गायक तीन तारांच्या किकरीच्या साथीने गोंडांच्या वंशकथा गातात. श्रोते भोवतीच बसलेले असल्याने तिचा मृदू स्वर पुरेसा होतो. गिटारचे भाग्य निराळे. नृत्यगृहांतील पितळी वाद्यांच्या कल्लोळात तिचा आवाज लोपून जाई.

१९२५ साली राइस व केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी फिरत्या वेटोळ्याचा ध्वनिक्षेपक सिद्ध केला. १९३२ मध्ये विद्युत्-गिटार विक्रीस आली. परंतु खर्जाच्या स्वरांसाठी पुष्कळ हवा हलवावी लागते. लहान पडदा त्यास अपुरा पडतो. डिक डेल या वादकाच्या जोरकस वादनापुढे ध्वनिक्षेपक टिकेनात, तेव्हा लिओ फेंडर यांनी १९६० च्या सुमारास १५ इंची ध्वनिक्षेपकाचा ‘शोमन’ ध्वनिवर्धक त्याच्यासाठी घडविला.

पुढे हलका, स्वस्त ट्रान्झिस्टर आला. तरीही रसिकांनी व्हॉल्व्हच्या अवजड पेट्या टाकल्या नाहीत. जोर वाढविला की व्हॉल्व्हचा स्वर फाटतो, पण एकदम नव्हे, हळूहळू. अभियंत्यांच्या लेखी हा दोष. वादकांच्या कानांना मात्र तोच गोड वाटला. किकरी ऐकण्यासाठी जवळ जावे लागते. दूरच्या श्रोत्यांसाठी गिटारने गळा उसना घेतला आणि अखेर तो तिचा स्वतःचाच झाला.