नागपूरकर भोसल्यांचा मुलूख

महाल, सीताबर्डी, सक्करदरा हीं नांवें आपण नागपूरकर नित्य उच्चारतों. परंतु ज्या भोसले घराण्याशीं तीं निगडित आहेत, त्याच्या हातीं भूमि कशी आली व कशी गेली, हें थोड्यांसच ठाऊक असेल. तो वृत्तांत येथें संक्षेपानें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हे भोसले मूळचे सातारा प्रांतांतील देऊर गांवचे पाटील. देवगडचे गोंड राजे चांद सुलतान सन १७३९ मध्यें वारले व गादीसाठीं कलह माजला. तेव्हां राणीनें वऱ्हाडांतून पहिल्या रघूजींस बोलाविलें. साहाय्यास आलेला पुढें धनी झाला. तथापि गोंड राजा बुऱ्हाणशहा यांस नगरांतील किल्ल्यांत ठेवून वसुलाचा हिस्सा देण्यांत आला. सत्ता एकाची व मान दुसऱ्याचा, अशी ही व्यवस्था होती.

सन १७५१ मध्यें बंगालचा नबाब अलिवर्दीखान यानें कटक प्रांत सोडला व चौथाईबद्दल सालीना १२ लक्ष रुपये देण्याचें कबूल केलें. भोसल्यांचा अंमल पूर्वसमुद्रास भिडला. परंतु जें तहानें आलें तें तहानेंच गेलें. १७ डिसेंबर १८०३ रोजीं देवगांवच्या तहानें कटक व वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड सुटलें. सन १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर आप्पासाहेब पदच्युत झाले व नर्मदाकांठचा मुलूख गेला. तिसरे रघूजी सन १८५३ मध्यें निपुत्रिक वारले. पुढील वर्षीं डलहौसीनें उरलेलें राज्य खालसा केलें. वाड्यांतील जवाहीर कलकत्त्यास लिलांवांत विकलें गेलें. सन १८५७ च्या बंडानंतर दत्तक वारस जानोजीराव यांस किताब मिळाला, तो ‘देऊरचे राजेबहादुर’ हा!

जर्मन सरदारांतील हाब्सबुर्ग घराण्याची कथा याच्या उलट आहे. त्यांचें नांव आरगौ प्रांतांतील एका किल्ल्यावरून पडलें. सन १४१५ मध्यें स्विस लोकांनीं तो मूळ मुलूख जिंकला. पण ऑस्ट्रियांतील त्यांचें राज्य सन १९१८ पर्यंत चाललें. त्यांचें मूळ गेलें व राज्य राहिलें; भोसल्यांचें राज्य गेलें व मूळ गांवाचें नांव राहिलें.

दोन्हीं कथांत एक गोष्ट मात्र सारखी आहे. प्रांत या हातांतून त्या हातांत गेले, तेव्हां शेत कसणाऱ्यास कोणीं विचारलें नाहीं. धनी बदलला तरी नांगर त्याच्याच खांद्यावर राहिला. आपल्यापैकीं अनेकांचे पूर्वज असेच शेत कसणारे होते, हें वाचकांनीं हा इतिहास वाचतांना विसरूं नये.